जिल्हांतर्गत बदली: ज्येष्ठता नेमकी कोणत्या तारखेपासून धरतात?

बालाघाट

जि.प. (जिल्हा परिषद) शिक्षकांच्या बदलीचं वेळापत्रक निघालं की सगळ्या गटांवर एकच प्रश्न फिरायला लागतो, "सर, माझी ज्येष्ठता किती?" उत्तरं मात्र दहा प्रकारची येतात. कुणी पदोन्नतीच्या यादीतला क्रमांक सांगतो, कुणी सध्याच्या शाळेतली वर्षं मोजतो, कुणी पहिल्या आदेशाची तारीख धरतो. म्हणून हा धागा. जि.प. प्राथमिक शिक्षकांपुरतंच बोलू, खाजगी अनुदानित शाळांचे नियम वेगळे आहेत, ते इथे मिसळू नयेत.

सुरुवात मी करतो. बदलीत "ज्येष्ठता" या एका शब्दाखाली तीन वेगळे हिशोब चालतात.

पहिला पात्रतेचा: तुम्ही बदलीच्या यादीत येता की नाही. 7 एप्रिल 2021 च्या शासन निर्णयानुसार सर्वसाधारण क्षेत्रात सलग 10 वर्षं आणि सध्याच्या शाळेत 5 वर्षं झाली असतील तर तुम्ही "बदलीस पात्र", म्हणजे तुम्हाला हलवता येतं. अवघड क्षेत्रात (आडवाटेच्या शाळांत, निकष पुढे आलेत) सलग 3 वर्षं झाली असतील तर "बदलीचा अधिकार प्राप्त", म्हणजे तुम्ही स्वतः बदली मागू शकता. यात नोकरी एकूण किती झाली याचा संबंध नाही.

दुसरा रांगेचा: यादीत आल्यावर तुमचा नंबर कितवा. एकाच शाळेवर दोघांचा दावा आला की इथे सेवाज्येष्ठता बघतात.

तिसरा पदोन्नतीचा: दरवर्षी 1 जानेवारीच्या स्थितीची जी सेवाज्येष्ठता यादी प्रसिद्ध होते ती. केंद्रप्रमुख, पदोन्नत मुख्याध्यापक यांसाठी ती कामाची. बदलीचा क्रम त्या यादीवरून लावत बसू नका.

निम्मे गैरसमज हे तीन हिशोब एकमेकांत मिसळल्यामुळेच होतात. पुढे जाणकारांनी भर घालावी. 18 जून 2024 चा सुधारित निर्णय आणि त्या वर्षीचं वेळापत्रक सोबत ठेवूनच वाचा, कारण सेवा कोणत्या तारखेपर्यंत मोजायची ते तिथे दिलेलं असतं.

सिंदफणा

बालाघाट सर, चांगलं केलंत. "सलग" या शब्दावर थोडं जास्त लिहिते, कारण दरवर्षी सगळ्यात जास्त आक्षेप त्यावर येतात आणि बहुतेक फेटाळले जातात.

समजा एक शिक्षिका 2010 ते 2016 सर्वसाधारण क्षेत्रात होत्या, 2016 ते 2019 अवघड क्षेत्रात आणि 2019 पासून पुन्हा सर्वसाधारण क्षेत्रात आहेत. 2025 ला त्यांची सर्वसाधारण क्षेत्रातली सेवा किती? त्या 12 वर्षं म्हणतील. हिशोबात ती 6 वर्षंच येते. अवघड क्षेत्रात गेल्याबरोबर आधीची साखळी तुटली, मोजणी 2019 पासून नव्याने सुरू झाली. त्या बदलीस पात्र नाहीत. म्हणजे त्यांना सक्तीने कुणी हलवणार नाही आणि त्यांच्या जागेवर कुणाचा खोही (दुसऱ्याने ती शाळा मागून त्यांना हलवणं) बसणार नाही.

दुसरं उदाहरण. एक शिक्षक 2012 ते 2021 एका शाळेत, 2021 पासून दुसऱ्या, दोन्ही शाळा सर्वसाधारण क्षेत्रातल्या. 2025 ला क्षेत्रातली सलग सेवा 13 वर्षं, पण शाळेतली 4 च. हे पण पात्र नाहीत, कारण दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. शाळा बदलली की 5 वर्षांचं मोजमाप नव्याने सुरू होतं, 10 वर्षांचं मात्र तसंच पुढे चालू राहतं.

म्हणून प्रत्येकाने आपल्या चार तारखा एका कागदावर लिहून ठेवाव्यात: जि.प. सेवेत रुजू, सध्याच्या जिल्ह्यात रुजू, सध्याच्या क्षेत्रात सलग कधीपासून, सध्याच्या शाळेत हजर. पोर्टलवरच्या प्रोफाइलमध्ये ह्याच तारखांवर सगळा खेळ आहे.

पूर्णाकाठ

प्रश्न आहे. कामगिरीवर दुसऱ्या शाळेत असलेल्यांची शाळेतली सेवा कुठली धरतात? मूळ शाळा एक, प्रत्यक्ष शिकवणं दुसरीकडे, असे प्रत्येक तालुक्यात आहेत.

सिंदफणा

मूळ शाळेतली. पगार ज्या शाळेच्या नावावर शालार्थमध्ये (ऑनलाइन पगार प्रणालीत) निघतो ती शाळा. कामगिरीचा आदेश हा बदली आदेश नसतो, त्याने पद सरकत नाही. कामगिरीवर अवघड क्षेत्रातल्या शाळेत 3 वर्षं काढली म्हणून कुणी "अधिकार प्राप्त" होत नाही. हे कटू आहे, कारण काम तर खरंच तिकडे केलेलं असतं, रोजचा प्रवास केलेला असतो. म्हणून तोंडी आदेशावर दूरच्या शाळेत वर्षानुवर्षं थांबू नका. थांबावंच लागलं तर निदान लेखी आदेश तरी हातात असू द्या.

मन्याड

रांगेच्या क्रमाबद्दल. टप्पे कोणते ते आधी लक्षात घ्या: समानीकरणासाठी (रिक्त पदं सगळीकडे सारखी वाटली जावीत म्हणून) रिक्त ठेवायच्या जागा निश्चित होतात, मग विशेष संवर्ग भाग 1 (संवर्ग 1), मग विशेष संवर्ग भाग 2 (संवर्ग 2, पती-पत्नी एकत्रीकरण), मग अधिकार प्राप्त (संवर्ग 3), मग बदलीस पात्र (संवर्ग 4), मग विस्थापितांची (पसंतीची शाळा न मिळालेल्या बदलीस पात्र शिक्षकांची) फेरी आणि शेवटी अवघड क्षेत्रातल्या रिक्त जागा. ज्येष्ठता आपापल्या टप्प्याच्या आतच चालते. 28 वर्षं सेवेचे गुरुजी संवर्ग 4 मध्ये असतील तर संवर्ग 1 मधल्या 6 वर्षं सेवेच्या मॅडमची शाळा आधी ठरते. यात अन्याय कुणावरच झालेला नसतो, टप्पाच वेगळा आहे. तरी या एका मुद्द्यावर दरवर्षी पानंच्या पानं अर्ज पडतात.

भाग 1 मध्ये तर आणखी एक पायरी आहे. तिथे आधी उपप्रकारांचा क्रम (दिव्यांग, दुर्धर आजार, विधवा, परित्यक्ता, 53 वर्षं पूर्ण झालेले वगैरे ज्या क्रमाने निर्णयात लिहिलेत तो) आणि त्या उपप्रकाराच्या आत सेवाज्येष्ठता. नुसत्या 53 वर्षं वयावर अर्ज करणाऱ्याने आपण सेवेत ज्येष्ठ म्हणून पुढे असू असं धरू नये.

आता बरोबरी झाली तर? सेवेची तारीख सारखी असेल तर वयाने मोठा तो आधी. जन्मतारीखही सारखी निघाली तर आडनावाच्या इंग्रजी आद्याक्षराप्रमाणे.

लोकांना वाटतं इतकी बरोबरी कशाला होतेय. होते, आणि आपल्याकडे तर फारच होते. मोठ्या भरतीत एकाच दिवशी समुपदेशन, एकाच दिवशी आदेश, दुसऱ्या दिवशी शेकड्याने रुजू. आणि जन्मतारीख? मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर उघडा, 1 जून, 1 जून, 1 जून. आईबापाला तारीख आठवत नव्हती, गुरुजींनी शाळा प्रवेशाच्या हिशोबाने 1 जून टाकली. त्या मुलांतलेच पुढे शिक्षक झाले. त्यामुळे रुजू तारीख एक, जन्मतारीख 1 जून आणि जन्मवर्षही एक, अशा जोड्या यादीत खरंच येतात आणि निकाल आडनावावर जातो.

म्हणून प्रोफाइलमधलं आडनावाचं स्पेलिंग बघा. वाघमारे कुणी व्ही ने लिहितं, कुणी डब्ल्यू ने. व्ही आधी येतो. नियुक्ती आदेश, सेवापुस्तक आणि शालार्थ तिन्हीकडे एकच स्पेलिंग हवं. वेगळं असेल तर वाद झाल्यावर दुरुस्ती मागू नका, आत्ताच मागा.

लेखाटिपण

मन्याड सरांच्या मुद्द्याला धरून पदोन्नतीच्या यादीतला फरक सांगतो, म्हणजे दोन याद्यांत तुमचा क्रम वेगळा का दिसतो ते कळेल.

पदोन्नतीच्या यादीत एका तुकडीतल्या सरळसेवेच्या उमेदवारांचा आपसातला क्रम निवड यादीतल्या गुणवत्तेवर लागतो. 1982 च्या ज्येष्ठता नियमांत अट अशी होती की आदेशापासून 30 दिवसांत, किंवा वाढवून दिलेल्या मुदतीत, हजर झालं पाहिजे. त्यामुळे निवड यादीत 14 वा असलेला शिक्षक आठ दिवस उशिरा हजर झाला तरी 40 व्याच्या वरच राहतो. बदलीच्या रांगेत मात्र रुजू दिनांक बोलतो. तिथे 40 वा आठ दिवस आधी हजर झाला असेल तर तोच पुढे. दोन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर असू शकतात. एक यादी दाखवून दुसरीवर आक्षेप घेतला तर तो टिकणार नाही.

शिक्षणसेवकांबद्दल (पहिली 3 वर्षं मानधनावर असलेले शिक्षक): रुजू दिनांक म्हणजे शिक्षणसेवक म्हणून हजर झालेला दिवस. 3 वर्षांनंतर नियमित वेतनश्रेणीचा जो आदेश निघाला त्याची तारीख तिथे टाकू नका. प्रोफाइलमध्ये ही चूक फार आढळते, आणि एका फटक्यात 3 वर्षं मागे जाता.

वस्तीशाळा शिक्षकांचं वेगळं. त्यांची जि.प. सेवेतली नियमित गणना 1 मार्च 2014 पासून. त्याआधी झाडाखाली, समाजमंदिरात, मिळेल त्या जागी त्यांनी वाड्यावस्त्यांवर शाळा चालवल्या. ती वर्षं रांगेच्या हिशोबात येत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं, पण यादी तपासताना तारीख तीच धरावी लागते. आणि सगळ्यांची तारीख एकच असल्यामुळे त्यांच्यात क्रम लागतो तो थेट जन्मतारखेवर. म्हणून वस्तीशाळेच्या बंधूभगिनींनी प्रोफाइलमधली जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळवून बघावीच.

हिंगोलीकर

आमच्याकडचा एक खास मुद्दा. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झाला. त्याआधी एकत्रित परभणी जि.प. ने नेमलेले शिक्षक अजून सेवेत आहेत. "सध्याच्या जिल्ह्यात रुजू दिनांक" या रकान्यात त्यांनी काय भरायचं? काहींच्या प्रोफाइलला 1999 दिसतंय, नियुक्ती 1996 ची आहे.

लेखाटिपण

मूळ नियुक्तीचीच तारीख. जिल्हा विभाजनात सेवा वर्ग झाली ती शासनाच्या निर्णयाने. ती स्वतःहून मागितलेली आंतरजिल्हा बदली नव्हती. ज्येष्ठता जाते ती विनंतीच्या आंतरजिल्हा बदलीत. सेवापुस्तकात विभाजनाच्या वाटपाची नोंद कोणत्या पानावर आहे ते शोधा, त्याची साक्षांकित प्रत आणि मूळ नियुक्ती आदेश जोडून दुरुस्ती मागा. नोंदच नसेल तर आधी सेवापुस्तक पूर्ण करून घ्या. नुसता अर्ज घेऊन गेलात तर हात हलवत परत याल.

पूर्णाकाठ

आंतरजिल्हा बदलीने आलेल्यांचं नेमकं काय जातं आणि काय राहतं? कोकणातून, पालघर-ठाण्यातून आपल्याकडे आलेले बरेच आहेत.

बालाघाट

जाते ती ज्येष्ठता. नव्या जिल्ह्यात हजर झाल्याच्या दिवसापासून रांग सुरू. पदोन्नतीच्या यादीतही तळाला. तसं हमीपत्र अर्जाच्या वेळीच दिलेलं असतं, त्यामुळे नंतर तक्रारीला जागा नाही.

पगार, रजा, निवृत्तीसाठीची सेवा, 12 वर्षांची वरिष्ठ आणि 24 वर्षांची निवड श्रेणी यांना मूळ सेवा धरली जाते. ती जात नाही. घाबरून "माझी पंधरा वर्षं वाया गेली" असं कुणी म्हणू नये.

व्यवहारात असं होतं: आलेल्यांना समुपदेशनात उरलेल्या जागा मिळतात, बऱ्याचदा अवघड क्षेत्रातल्या. तिथे सलग 3 वर्षं झाली की ते अधिकार प्राप्त होतात आणि पसंतीची शाळा मागू शकतात. सर्वसाधारण क्षेत्रात जागा मिळाली तर 10 वर्षं पूर्ण होईपर्यंत बदलीस पात्र होत नाहीत, संवर्ग 1 किंवा 2 मध्ये बसले तरच मध्ये वाट आहे. समुपदेशनाला बसण्याआधी हे गणित घरी करून या. खुर्चीवर बसल्यावर दोन मिनिटांत निर्णय घ्यावा लागतो.

किनवटकर

अवघड क्षेत्राच्या यादीबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि 3 वर्षांचा सगळा हक्क त्या यादीवर उभा आहे.

निकष सात: नक्षलग्रस्त किंवा पेसा क्षेत्र (अनुसूचित आदिवासी भाग), वार्षिक पाऊस 2000 मिमीच्या वर, हिंस्र वन्यप्राण्यांचा उपद्रव, वाहतुकीयोग्य रस्त्याचा अभाव, संवादछायेचा प्रदेश (जिथे मोबाइलला रेंज नाही), डोंगरी भाग, राष्ट्रीय किंवा राज्यमार्गापासून 10 किमीहून जास्त अंतर. यातले किमान तीन लागतात. आता मराठवाड्यापुरतं बघा. 2000 मिमी पाऊस आपल्याकडे कुठे पडतो? विभागाची सरासरीच 700 मिमीच्या आसपास. तो निकष कोकणासाठी ठीक, आपल्यासाठी बाद. पेसा म्हणाल तर ते आमच्या किनवट-माहूरकडे. म्हणजे बीड, जालना, लातूरच्या शाळेला उरलेल्या पाचातून तीन सिद्ध करावे लागतात. म्हणून खरोखर आडवाटेच्या शाळाही यादीबाहेर राहतात, आणि तिथल्या शिक्षकाची अडचण कागदावर दिसतच नाही.

प्रत्येक निकषाला त्या त्या खात्याचा कागद लागतो. वन्यप्राण्यांसाठी वन विभाग, रस्ता आणि अंतरासाठी बांधकाम विभाग, मोबाइल रेंजसाठी बीएसएनएल. ग्रामपंचायतीचा ठराव जोडा, पण फक्त ठरावावर काम होत नाही. आणि ही यादी दर 3 वर्षांनी तपासली जाते, आक्षेप तेव्हाच घ्यायचा. बदलीची यादी लागल्यावर "माझी शाळा अवघड आहे" म्हणून काही उपयोग नाही.

खुलताबाद उर्दू

उर्दू माध्यमाबद्दल थोडं. रांग माध्यमनिहाय आणि पदनिहाय वेगळी असते. उर्दूचा शिक्षक उर्दूच्या रिक्त जागांवर, पदवीधर आपल्या विषयगटाच्या जागेवर, मुख्याध्यापक मुख्याध्यापकाच्या. आमच्याकडे शाळा मोजक्याच, जागा त्याहून मोजक्या. 30 शाळांचा पसंतीक्रम भरायचा म्हटलं तर तालुक्यात तितक्या शाळाच नसतात. तरी जेवढ्या आहेत तेवढ्या सगळ्या भरा. तीन-चार नावं टाकून थांबलात आणि ती ज्येष्ठांनी घेतली की बदलीस पात्र शिक्षक विस्थापितांच्या फेरीत जातो, तिथे उरलेलंच मिळतं.

सिंदफणा

हे फार महत्त्वाचं. संवर्ग 1 आणि संवर्ग 3 मधल्यांना पसंतीची शाळा नाही मिळाली तर ते आहेत तिथेच राहतात, त्यांनी चार नावं भरली तरी नुकसान नाही. (संवर्ग 1 वाल्याचं नाव बदलीस पात्र यादीतही असेल तर त्याने नकार तरी नोंदवावा किंवा पसंती तरी द्यावी, दोन्ही सोडून गप्प बसू नये.) संवर्ग 4 मधल्यांना मात्र ही सवलत नाही.

पसंतीक्रम भरताना शाळेच्या नावावर जाऊ नका, यूडायस क्रमांक (शाळेचा ओळख क्रमांक) बघा. पिंपळगाव, वडगाव, पिंपरी ही नावं एकाच जिल्ह्यात पाच-पाच गावांना आहेत. यूडायसचे 11 आकडे असतात: पहिले दोन 27 म्हणजे महाराष्ट्र, पुढचे दोन जिल्ह्याचे (परभणी 17, हिंगोली 16, बीड 27, लातूर 28), त्यानंतरचे दोन तालुक्याचे. तालुक्याचे दोन आकडे जुळतात का तेवढं बघितलं तरी चुकीचं पिंपळगाव निवडलं जात नाही. अर्ज सबमिट करण्याआधी यादी कागदावर उतरवून घरातल्या दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

भाग 2 वाल्यांसाठी एक: पती-पत्नी दोघांच्या कामाच्या ठिकाणांतलं अंतर 30 किमीपेक्षा जास्त हवं, आणि ते जवळच्या वाहतुकीयोग्य रस्त्याने मोजतात. मोबाइलच्या नकाशावरचं अंतर पुरावा म्हणून धरत नाहीत, कार्यकारी अभियंत्याचं प्रमाणपत्र लागतं. 29.5 आणि 30.5 मध्ये असणाऱ्यांनी प्रमाणपत्र आधी काढावं, मगच अर्जाचा विचार करावा. दोघेही जि.प. शिक्षक असतील तर लाभ एकालाच.

मन्याड

आक्षेपाची पद्धत कुणीतरी लिहा. अर्ज वेळेत गेला तरी कागद अपुरे म्हणून परत येतो.

लेखाटिपण

लिहितो.

पोर्टलवर प्रोफाइल दुरुस्तीची मुदत सुरू झाली की पहिल्याच दिवशी लॉगिन करा. ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर येतो, तो नंबर बंद असेल तर तिथेच दोन दिवस जातात. तारीख चुकीची असेल तर दुरुस्तीची मागणी आधी गटशिक्षणाधिकारी, तिथे नाही झालं तर शिक्षणाधिकारी, मग मुख्य कार्यकारी अधिकारी. वरची पायरी आधी चढू नका, अर्ज खाली पाठवतात आणि मुदत संपते.

अर्जाला जोडायचे कागद: पहिला नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, सेवापुस्तकाचं पहिलं पान, बदल्यांच्या नोंदी असलेली पानं, आणि सध्याच्या शाळेसाठी कार्यमुक्ती आदेश व हजर अहवाल. सगळ्यांवर मुख्याध्यापकाची साक्षांकित सही. अर्जात मोठी कहाणी लिहू नका. "प्रोफाइलमध्ये दिनांक अमुक दिसतो, सेवापुस्तक पान क्र. अमुकनुसार तो अमुक असावा" एवढं एक वाक्य पुरे. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेऊन जपून ठेवा. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं धरलं जातं.

दुसऱ्याच्या ज्येष्ठतेवर आक्षेप असेल तर नाव, शाळा, यूडायस आणि नेमकी चुकीची तारीख लिहा. "अमुक शिक्षक माझ्यापेक्षा कनिष्ठ आहेत" एवढ्यावर कुणी फाइल उघडत नाही.

एक घासाघीस नेहमी होते ती रुजू दिनांकावर. आदेशाची तारीख, पंचायत समितीत हजर झाल्याची तारीख आणि शाळेत हजर झाल्याची तारीख अशा तीन तारखा एकाच्याच कागदांवर असतात. त्यात सेवापुस्तकात नोंदवलेली रुजू तारीख धरतात. ती हजर अहवालाशी जुळत नसेल तर सेवापुस्तक आधी दुरुस्त करून घ्यावं लागतं, आणि ते बदलीच्या पंधरवड्यात होणारं काम नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच हातात घ्या.

पूर्णाकाठ

विनावेतन रजा झाली असेल तर? आणि सगळीकडून नकार मिळाला तर मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जाता येतं का?

लेखाटिपण

मंजूर रजा, मग ती विनावेतन का असेना, सलगता तोडत नाही. सक्षम अधिकाऱ्याने आदेश काढून सेवाखंड धरला असेल तर गोष्ट वेगळी, आणि तो क्षमापित झाल्याचा आदेश असेल तर तोही जोडा. "अनधिकृत गैरहजर" असा शेरा सेवापुस्तकात असेल तर त्याचं पुढे काय झालं ते बघा. रजा मंजूर होऊनही शेरा तसाच राहिलेला आढळतो.

मॅट राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. जि.प. शिक्षकांना तिथे दाद मागता येत नाही. रिट याचिका उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात. तिथेही पहिला प्रश्न हाच येतो की मुदतीत आक्षेप घेतला होता का आणि त्याची पोच कुठे आहे.

किनवटकर

संभाव्य रिक्त आणि निव्वळ रिक्त यातला फरकही नव्या लोकांसाठी लिहून ठेवतो. निव्वळ रिक्त म्हणजे आज तिथे कुणीच नाही. संभाव्य म्हणजे तिथे बदलीस पात्र शिक्षक बसलेले आहेत, वरच्या टप्प्यातल्या कुणी ती शाळा मागितली तर त्यांना खो बसतो. समानीकरणात रोखलेली जागा मात्र कुणालाच मागता येत नाही, शाळेत शिक्षक कमी दिसत असला तरी. त्यामुळे "तिथे जागा रिकामी आहे, मी पाहून आलो" यावर पसंती भरू नका, पोर्टलवरच्या रिक्त यादीत ती शाळा आहे का ते बघा.

सिंदफणा

आणि ही यादी दर टप्प्यानंतर बदलते. संवर्ग 1 चे आदेश निघाले की नवी रिक्त यादी लागते, संवर्ग 2 नंतर पुन्हा. आठ दिवसांपूर्वीचा स्क्रीनशॉट बघून भरू नका. माझ्याकडे चार तारखांचा कोरा तक्ता तयार आहे, कुणाला हवा असेल त्यांनी इथेच लिहा, संध्याकाळी टाकते.

हिंगोलीकर

ताई, टाका. विभाजनाच्या नोंदीसाठी त्यात एक रकाना वाढवता आला तर बघा. आमच्या तालुक्यातल्या सगळ्या जुन्या गुरुजींना लागेल.